निमिषभर ओसरलेली वीज

चिपांची रचना शिकवण्यात ज्यांचे केस पांढरे झाले, असे एक वृद्ध अभियंते होते. त्यांच्या हाताखाली ऋजुता नावाची एक शिष्या काम करीत असे. मधुमेहाच्या रुग्णांना इन्सुलिन देणाऱ्या छोट्या पंपासाठी तिने एक चिप घडवली होती. योग्य पासवर्ड दिल्यावाचून इन्सुलिनचा डोस कोणालाही बदलता येऊ नये, हे त्या चिपचे काम. तो अधिकार भलत्याच्या हाती गेला, तर रुग्णाच्या जिवाशी गाठ होती.

वर्षभराच्या श्रमांनंतर तिने ती चिप गुरूंपुढे ठेवली.

"सर, हा पासवर्ड ओळखायला कुणालाही शतकं लागतील."

"मी ओळखणारच नाही," सर म्हणाले.

त्यांनी चिपला वीज पुरवणाऱ्या तारेला एक लहानसे उपकरण जोडले, मनाला येईल तो चुकीचा पासवर्ड टाकला आणि चिप तो तपासत असतानाच निमिषाहूनही कमी काळ व्होल्टेज खाली ओढले. चिपने नकार दिला. सरांनी पुन्हा तेच केले, पुन्हा तेच. चाळिसाव्या खेपेला पडद्यावर अक्षरे उमटली : नवा डोस स्वीकारला.

ऋजुता आपल्या टेबलापाशी गेली आणि राजीनामा लिहून घेऊन आली. सरांनी तो वाचलादेखील नाही.

"सकाळपासून काय खाल्लंस?"

"दोनदा चहा घेतला."

सरांनी आपला डबा उघडला, पोळी आणि मटकीची उसळ तिच्यापुढे सरकवली आणि तिचे जेवण होईपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसले. असल्या वेळी हे काय, असे तिला वाटले. पण दुसऱ्या घासाला आपल्याला किती भूक लागली होती ते तिला कळले. मग सरांनी राजीनामा तिच्या हाती परत दिला.

"आता वाच. अजून द्यावासा वाटला तर घेईन मी."

तिने वाचला. मजकूर दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्यासारखा वाटला. तिने तो हळूच फाडला.

"पोरी," सर म्हणाले, "तुझी चिप हुशार आहे. समोरचा कोण, हे तिला नेमकं ओळखता येतं. पण वीज ओसरली तेव्हा तिचाच तोल गेला होता, आणि ते तिला कळलं नाही. तशा अवस्थेत तिने 'हो' म्हटलं. चोराला पासवर्ड कशाला हवा? त्याला तेवढा एक क्षण पुरतो. आपण डळमळलोय हे तिला कळू दे. कळलं की तिने थांबावं, सावरावं आणि पहिल्यापासून तपासावं."

ऋजुताने चिपमध्ये व्होल्टेजवर सतत नजर ठेवणारा एक पहारेकरी बसवला. तपासणी दोनदा होईल आणि दोन्ही वेळा होकार आला तरच डोस बदलेल, अशी योजना केली. काही महिन्यांनी नवी चिप तयार होऊन आली. सर आपले उपकरण घेऊन दिवसभर तिच्याशी झुंजले. वीज ओसरली की चिप रुग्णाचा चालू डोस तसाच राखी, आज्ञा रद्द करी आणि नव्याने पासवर्ड विचारी.

संध्याकाळी सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हरलो बुवा," ते म्हणाले. इतक्या समाधानाने हरलेला माणूस ऋजुताने पाहिला नव्हता. तिने वाकून त्यांना नमस्कार केला.

आपलेही बळ ओसरलेले असेल, तेव्हा मोठ्या प्रश्नाचे उत्तर जरा थांबून द्यावे.