पंचविसावं नाव

फार फार वर्षं झाली. एका थोर नगराची ही गोष्ट. हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवा, लेकरांना जवळ घ्या आणि ऐका.

ते नगर तीन राजांनी घडवलं होतं. पहिल्यानं नदीच्या वळणावर जागा हेरली, काटेरी रान साफ केलं आणि पहिली चूल स्वतःच्या हातानं मांडली. दुसऱ्यानं डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या नळातून थेट चौकातल्या हौदात आणलं. दगडी गोमुखातून त्याची धार पडे. तिसऱ्यानं पेठा वसवल्या, दूरदूरचे विणकर, तांबट बोलावून त्यांना मायेनं ठेवून घेतलं. मोठ्या मनाची माणसं ती!

राजा गेला की त्याच्या नावे देवळापुढच्या दीपमाळेवर दिव्यांचा एक थर चढे. त्रिपुरी पौर्णिमेला गुरव एकेका थराचे दिवे लावी आणि त्या राजाचं नाव मोठ्यानं पुकारी. सारं नगर हात जोडी. पण रीत कडक होती. तिसऱ्या त्रिपुरीच्या आत थर चढला तर चढला, नाहीतर कधीच नाही.

चौथा राजा गादीवर बसला आणि वर्षाच्या आतच तापानं गेला. मागे राहिली राणी आणि पाळण्यातलं बाळ.

राणी सालस, देवभोळी. त्या काळी बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसत. तिनं लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. वाड्यात सगळे ‘महाराज’ म्हणत. गेलेल्या माणसाचं नाव कुणाच्याच ओठांवर उरलं नव्हतं. राणीनं देवापुढे संकल्पाचं पाणी सोडलं, “ह्यांच्या नावाचा थर चढवीन. वर्षातून एकदा तरी ते नाव माझ्या कानांवर पडू दे.”

काळा दगड खाणीतून निघाला. दोन वर्षं गवंडी तो घडवत होते. दिव्यांची हातभर लांब घरं, त्यांवर कमळाच्या पाकळ्या.

राणीचा एक नेम होता. रोज पहाटे ती अनवाणी हौदावर जाई, गोमुखाखाली कलश धरी आणि देवाची चोवीस नावं घेई. केशव, नारायण, माधव… शेवटचं नाव आलं की कलश तोंडोतोंड भरलेला असे. वर्षानुवर्षं हेच.

त्या फाल्गुनात चोवीस नावं झाली आणि पाणी कलशाच्या गळ्याशीच राहिलं. राणीला वाटलं, आपणच घाईनं म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिनं सावकाश म्हटलं. तरी तेच. चैत्र लागला तेव्हा चोवीस नावांत कलश निम्माच भरू लागला.

तिनं प्रधानांना बोलावलं. ते हसले. “बाईसाहेब, हौद तर काठोकाठ आहे! नावं मोजून का कुठं पाणी कळतं?”

“हौद काल साठलेलं पाणी दाखवतो, प्रधानजी. धार आजचं दाखवते.”

राणीनं म्हातारा मुख्य गवंडी नळ बघायला धाडला. तो चिखलानं माखून परत आला. “आईसाहेब, डोंगराखाली नळ खचलाय. त्याला पेलणाऱ्या कमानीला लांब, चिवट दगड हवा, नाहीतर पावसाळ्यात सगळा बसेल. नवा दगड काढून घडवायला वर्ष जाईल.” मग खाली बघत म्हणाला, “तसला दगड तयार एकाच ठिकाणी आहे. कुठं ते माझ्या तोंडून नको.”

राणी देवघरात जाऊन बसली. समईतलं तेल संपत आलं तरी उठली नाही. उठली तेव्हा डोळे पुसून एवढंच म्हणाली, “दगड उचला.”

आत्याबाई, राजाची आत्या, कडाडल्या, “अगं, नवऱ्याच्या नावाचा दगड चिखलात गाडतेस? दिसणार तरी कुणाला?”

“पाण्याला दिसेल, आत्याबाई.”

कमळाच्या पाकळ्या जमिनीखाली गेल्या. कमान उभी राहिली. गोमुखाची धार पुन्हा जाड झाली.

कार्तिकात तिसरी त्रिपुरी आली. गुरवानं तीन नावं पुकारली आणि तो थांबला. राणीनं हात जोडले, पण मान वर केली नाही. आत्याबाई पुटपुटल्या, “झालं, गेलं माझ्या पोराचं नाव!”

पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही. विहिरी आटल्या, नदीत वाळू दिसू लागली. गोमुखाची धार मात्र तसूभर कमी झाली नाही. शेजारची गावंसुद्धा त्याच पाण्यावर जगली. तेव्हा गवंड्यानं हौदावर बसून बायांना सांगितलं, ते पाणी कुणाच्या नावच्या दगडांवरून येतं.

दुसऱ्या पहाटे राणी आली, तर हौदावर एक विणकरीण कलश धरून उभी. तीही नावं मोजत होती. चोवीस झाली, कलश भरला, पाणी ओसंडलं. पण ती थांबली नाही. ओसंडत्या पाण्याकडे बघत तिनं पंचविसावं नाव घेतलं, “सोमपाळ महाराज!”

मागच्या बाईनं तेच केलं. तिच्या मागचीनंही. राणी गोमुखाशी टेकून ऐकत राहिली. वर्षातून एकदा मागितलेलं नाव रोज, घरटी एकदा, तिच्या पदरात पडत होतं.

बातमी वाड्यात पोहोचली. तिसऱ्या दिवशी आत्याबाई काठी टेकत आल्या. “सरक गं जरा,” राणीला म्हणाल्या, “आज कलश मी भरते.”

पुढे ते नगर शेकडो वर्षं नांदलं. दीपमाळेवर तीनच थर राहिले आणि पुढच्या कुठल्या राजासाठीही चौथा चढवा असं कुणी म्हटलं नाही.

राणीला तिचं माणूस जसं पाण्याच्या धारेत भेटलं, तसं तुमचं गेलेलं माणूस तुम्हांला भेटो.

तात्पर्य : आपल्या माणसाचं नाव राखायचं असेल, तर ते लोकांच्या कामी लावावं.