उजागऱ्यांचा चांदीचा पेला

"...मग तुम्हीच सांगा पाळकसाहेब, पेला माझ्याकडे राहायचा की धाकट्याकडे? थोरला मी आहे."

शद्रक उजागऱ्यांनी मखमली पिशवीतून चांदीचा पेला काढून टेबलावर ठेवला. ते इतिहासाचे प्राध्यापक. समोर खाटेवर बसलेल्या चर्चच्या म्हाताऱ्या पाळकांनी, भांबळसाहेबांनी, त्यांना लहानपणी बायबल शिकवलं होतं.

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. लोकांची भांडणं ऐकता ऐकता ते थकून गेले होते.

"कुठला हा?"

"बोस्टनचा. अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाचा. बुडाशी सोनाराचा ठसा आहे. ही अक्षरं मूळच्या नवराबायकोच्या नावाची. त्यांच्या पणतीनं तो नगरकडे आणला. मिशनरी होती."

"आणि तुमच्या घरात कसा आला?"

शद्रकांचा आवाज चढला. ही हकीकत त्यांनी कितीतरी सभांत सांगितली होती.

"पटकीची साथ होती. आमचे मूळपुरुष राणोजी विहिरीपाशी पडले होते. गावातलं कोणी शिवेना. आमच्या लोकांना पाणी मिळायचं ते ओंजळीत, वरून ओतलेलं. त्या मडमेनं हाच पेला भरला. आधी स्वतः घोटभर प्यायली, मग तोच राणोजींच्या ओठांना लावला. मायदेशी परतताना त्यांनाच देऊन गेली."

"मग पुढे कोण प्यालं ह्यातून?"

"छे! कोणीच नाही. पिढ्यान्‌पिढ्या कुलपात जपलाय."

"अन् धाकटा?"

"बोलणं बंद आहे. मागच्याच गल्लीत राहतो."

पाळकसाहेबांनी डोळे उघडून पेल्याकडे पाहिलं.

"शद्रक, घसा सुकलाय रे. तांब्यातलं पाणी दे... ह्यातून."

शद्रकांचा हात पेल्याकडे गेला आणि मध्येच थांबला.

"साहेब... फार जुनी चांदी आहे. ओठ लागले की... थांबा, मी आतून स्टीलचा ग्लास आणतो."

पाळकसाहेब कसेबसे खाटेवरून उतरले, जमिनीवर बसले. हातांची ओंजळ करून त्यांनी तोंडापाशी धरली आणि मान खाली घातली.

"ओत. वरून."

शद्रकांनी तांब्या उचलला खरा, पण तो कलंडवेना. त्यांचा चेहरा उतरला...

मग त्यांनी पेला काठोकाठ भरला आणि गुडघे टेकून पुढे केला.

"घ्या, साहेब. प्या."

पाळकसाहेबांनी ओंजळ सोडली.

"माझं राहू दे... धाकट्याकडे घेऊन जा. सांडू नकोस."