टिटवीने निवडलेलं मशीन

माळी पाखरांना विचारल्याशिवाय बागेत काही बदलत नसत, तेव्हाची ही गोष्ट. कोंडाजी माळ्याकडे गवत कापायचं पेट्रोलचं जुनं मशीन होतं. आता त्याच्या शेजारी विजेचं नवं येऊन उभं राहिलं. कोणतं ठेवावं, हे त्याने टिटवीला विचारलं, कारण तिची अंडी उघड्या गवतात असत.

"विजेचंच ठेवा, दादा," टिटवी वैतागून म्हणाली. "तुमचं हे जुनं धूड तळ्यापर्यंत ऐकू येतं. पाणी सोडून मला पळत यावं लागतं, अंड्यांपाशी उभं राहून ओरडावं लागतं, तेव्हा कुठे तुम्ही वळता."

कोंडाजीने जुनं मशीन भिंतीमागे नेऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी टिटवी तळ्यावर पोटभर पाणी प्यायली, निवांत पंखही धुतले. परतली तेव्हा सगळं गवत एकसारखं कापलेलं होतं.

कोंडाजी मुंडासं हातात घेऊन खाली बसला होता. "तू ओरडली नाहीस गं," तो म्हणाला. "मला वाटलं, अंडी पलीकडे असतील."

"मला ऐकूच आलं नाही, दादा."

त्यानंतर टिटवी रोज भिंतीमागच्या जुन्या मशीनपाशी जाऊन बसे. "एकदा ओरड," म्हणे. पण त्याच्या टाकीत आता पेट्रोलचा थेंबही उरला नव्हता.