पहिलं पाणी

मोहाची झाडं जिथे संपतात आणि डोंगर सुरू होतो, तिथल्या जंगलात एक चितळ राहत असे. पाय लांब, छाती भरलेली, आणि मनात एकच गोष्ट. ती कोणती, ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही मला मध्ये मध्ये थांबवणार नाही. मला कोणी थांबवलं की मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, हे तुम्हाला ठाऊक आहे.

त्या डोंगराच्या माथ्यावर काळ्या कातळात घमेल्याएवढा एक खळगा होता. कातळाच्या फटीतून त्यात थेंब थेंब पाणी ठिबकायचं. वर्षभर त्याला कोणी तोंड लावायचं नाही, अशी जंगलाची रीत होती, आणि वानरांची टोळी तिथे पहारा करायची. मोह गळायला लागला, ओढे आटले, की शर्यत ठरायची. पायथ्याच्या सालईच्या झाडापासून निघायचं, डोंगराला तीन फेऱ्या घालायच्या आणि मग चढून माथा गाठायचा. पहिला येईल त्यानं खळग्यातलं पहिलं पाणी प्यायचं. दुसऱ्याच्या वाट्याला उरलेलं, गाळ ढवळलेलं. बाकीच्यांनी ओला कातळ चाटून घरी जायचं. बक्षीस काय ते एवढंच, पण त्यासाठी सगळं जंगल वर्षभर पाय घासायचं.

चितळाची आई ते पहिलं पाणी एकदा प्यायली होती. हा चितळ तेव्हा जन्मलाही नव्हता. पुढे ती कुठल्याही ओढ्यावर पाणी प्यायली, की तोंड वर करून क्षणभर तशीच उभी राहायची. काहीतरी येईल म्हणून वाट बघितल्यासारखी. मग मान हलवायची. पाडस विचारायचं, "आई, कसं होतं गं ते पाणी?"

"सांगता येत नाही, बाळा. पिऊनच बघ."

पुढे एका उन्हाळ्यात वाघानं तिला नेलं. आईचं म्हणून त्या पाडसाजवळ एवढंच उरलं, की एक पाणी आहे आणि ते तिला कधी विसरता आलं नाही. आपण ते प्यायलो तर आई आपल्याला पुन्हा थोडी कळेल, असं त्याला वाटायचं. हे त्यानं कधी कोणाला बोलून दाखवलं नाही. अशा गोष्टी कोण बोलून दाखवतं?

मोठा झाल्यावर तो शर्यतीत उतरला. पहिल्या वर्षी सहावा आला, दुसऱ्या वर्षी चौथा. दोन्ही वेळा ओला कातळ चाटला. त्याला फक्त दगडाची चव आली. त्या दोन्ही वर्षी एक मोठं सांबर पहिलं आलं आणि एक चौशिंगा दुसरा. चौशिंगा म्हणजे चार शिंगांचं, शेळीएवढं हरीण. दिसायला किरकोळ, पण चिवट. दर वर्षी थोडक्यात हुकायचा आणि दर वर्षी म्हणायचा, "बघू, पुढच्या वेळी."

चौथा आला त्या संध्याकाळी चितळ एकटाच डोहाकाठी बसला होता. तिथे कोल्हा आला. हा कोल्हा स्वतः कधी धावायचा नाही. धावणाऱ्यांच्या मागेपुढे करायचा आणि जिंकणाऱ्याच्या शेजारी मिरवायचा. असे सगळीकडे असतात.

"पाय चांगले आहेत तुझे," कोल्हा म्हणाला. "पण नुसत्या पायांनी आजवर कोण जिंकलंय? ते सांबर काय गवत खाऊन पळतं, असं वाटतं तुला?"

"मग काय खातं?"

कोल्ह्यानं पायानं माती उकरून एक काळी मुळी बाहेर काढली. "शर्यतीच्या दिवशी सकाळी हे एवढं चावायचं. दम लागत नाही. पाय दुखत नाहीत."

"पण शर्यतीआधी अस्वलआजोबा तोंडाचा वास घेतात. कोणी पकडलं गेलं तर त्याला सालईच्या पुढे कधीच पाऊल टाकता येत नाही. जन्मभर वर जायला बंदी."

कोल्हा हसला. "ते म्हातारं पहाटेपासून मोहाखाली बसून फुलं खातं. त्याच्या नाकात मोहाशिवाय दुसरं काही राहिलंय का? मुळीवर मूठभर फुलं चाव आणि जा त्याच्यासमोर. आणि एक लक्षात ठेव. सगळेच खातात. तू एकटाच भोळा राहिलास."

सगळेच खातात, हे शेवटचं वाक्य चितळाला फार बरं वाटलं. वाईट काम करायचं असलं की ते एकट्यानं करवत नाही, सोबत लागते.

तिसऱ्या वर्षी तो अस्वलासमोर उभा राहिला. अस्वलानं नाक जवळ आणून हुंगलं आणि त्याचे डोळे आनंदानं मिटले.

"मोह खाल्लास वाटतं?"

"हो, आजोबा."

"चांगला आहे यंदाचा. जा."

आणि चितळ असा पळाला, असा पळाला, की तिसऱ्या फेरीत सांबर मागे पडलं. चौशिंगा तेवढा पाठोपाठ होता, तोही चढावर मागे राहिला. छाती धडधडत होती, पण ती दुसऱ्या कोणाची तरी असावी तशी. माथ्यावर वानरं ओरडत बाजूला झाली आणि तो खळग्यापाशी पोचला.

पाणी इतकं नितळ होतं, की तळाचा खडा न् खडा दिसत होता. त्यानं आईची आठवण काढली, मान खाली घातली आणि तो प्यायला.

काहीच लागलं नाही. गार नाही, गोड नाही, तुरट नाही. जीभ लाकडाची झाली होती. तो घोटामागून घोट घेत राहिला, मग आईसारखं तोंड वर करून उभा राहिला. काही आलं नाही. खाली पाहिलं तर पाणी ढवळून गेलं होतं.

"कसं आहे?" सगळ्यांनी विचारलं.

"फार छान," चितळ म्हणाला.

मागून चौशिंगा आला. तो उरलेलं गढूळ पाणी प्यायला आणि डोळे मिटून कितीतरी वेळ उभा राहिला. गढूळ पाण्यालाही तो इतका वेळ उभा राहिला. मग जवळ येऊन म्हणाला, "पहिलं कसं लागतं रे? मला तर गाळातूनही काहीतरी लागलं. सांग ना."

चितळानं काहीतरी सांगितलं. मधासारखं, असं म्हणाला. चौशिंग्यानं ते मन लावून ऐकलं.

"मुळीनं चार दिवस जीभ बधिर होते," कोल्हा नंतर म्हणाला. "त्यात काय एवढं? पाणी ते पाणी. लोक तुला पहिला म्हणतात ना?"

चितळानं ठरवलं, पुढच्या वर्षी मुळी खायची नाही. पण पुढचं वर्ष आलं तेव्हा जंगलात जिकडे तिकडे त्याचंच नाव होतं. लहान पाडसं त्याच्यासारखी मान उंच करून चालत होती. मुळी सोडली आणि आपण चौथे आलो तर? तोंड कुठे दाखवायचं? त्यानं मुळी खाल्ली. तो जिंकला आणि त्याला काहीच लागलं नाही. असं एकदा नाही, पाच वर्षं झालं. दर वर्षी चौशिंगा दुसरा यायचा आणि चव विचारायचा, आणि दर वर्षी चितळ नवीन काहीतरी सांगायचा. जो पाणी प्यायला त्याला चव ठाऊक नव्हती, आणि ज्याला चव कळली असती त्याला ते पाणी मिळत नव्हतं. मला विचाराल तर या गोष्टीतला सगळ्यात वाईट भाग हाच आहे.

आता मैनेकडे येऊ. डोंगरातली मैना कोणाचाही आवाज हुबेहूब काढते. या मैनेला गोष्टी गोळा करायची हौस होती. शर्यतीच्या दिवशी सगळ्यांना ऐकवायला तिला या मोठ्या धावणाऱ्याची गोष्ट हवी होती. म्हणून ती रोज दुपारी चितळाच्या पाठीवर येऊन बसायची, गोचीड टिपायची आणि प्रश्न विचारायची. मग उडून दुसऱ्या कोणाला तरी विचारायची.

एका दुपारी ती म्हणाली, "दादा, पाण्याची चव मी तुला पाच वेळा विचारली. तू मध सांगितलास, जांभूळ सांगितलंस, पहाटेचं दव सांगितलंस, आणखी दोन काय काय सांगितलंस. पाणी तर एकच आहे ना?"

चितळ म्हणाला, "मैनाबाई, मी ते पाणी कधी चाखलंच नाही." आणि मुळीपासून मोहापर्यंत सगळं त्यानं सांगून टाकलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच त्याला हलकं वाटलं. शेवटी म्हणाला, "पण एकट्या माझंच काय घेऊन बसलीस? सगळेच खातात."

मैनेनं मान वाकडी केली. "चौशिंग्याला मी विचारलं होतं." आणि तिनं चौशिंग्याचा आवाज काढला, तोच, थोडा घोगरा: "मुळी? कसली मुळी? मी आपला सकाळी ओढ्यावर जातो, पोटभर गवत खातो आणि पळतो."

चितळ उठून उभा राहिला आणि पुन्हा खाली बसला.

"हे मी शर्यतीच्या दिवशी ऐकवू का?" मैनेनं विचारलं.

तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

शर्यतीच्या दिवशी सकाळी त्यानं मुळीला तोंड लावलं नाही. सालईखाली येताना वाटेत त्यानं गवताची एक काडी चावली आणि तिची चव त्याला लागली, हिरवी, किंचित आंबट. जीभ जिवंत होती. सांबर म्हातारं होऊन बसून राहिलं होतं. चौशिंगा मागच्या पायानं लंगडत होता. ही आपली शेवटची शर्यत, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगत होता. आज मुळीशिवायही जिंकता येईल, हे चितळाला समोर दिसत होतं. एकदाच. एकदा ते पाणी चाखलं की झालं, मग कोणाला काय सांगायचं ते सांगू.

तेवढ्यात मैना सालईच्या शेंड्यावर बसली आणि बोलू लागली. आधी कोल्ह्याच्या आवाजात, मग अस्वलाच्या, मग चितळाच्या. काळी मुळी, मूठभर फुलं, लाकडाची जीभ, काही राहिलं नाही. जंगल कान टवकारून ऐकत होतं. अस्वलानं आपला पंजा हुंगला आणि हळूच पाठीमागे लपवला.

कोल्हा मात्र शांतपणे पुढे झाला. "ही मैना. ही वाघाचाही आवाज काढते. आज हिनं माझा काढला, उद्या तुमचा काढेल. हिच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवायचा?"

ते सगळ्यांना पटलं. खरंच होतं ते. मैना कोणाचाही आवाज काढते. सगळ्यांच्या नजरा चितळाकडे वळल्या. आता नुसतं गप्प राहायचं होतं. दुसरं काहीसुद्धा करायचं नव्हतं.

तेव्हा चौशिंगा लंगडत पुढे आला आणि चितळाच्या बाजूला उभा राहिला. "हा खोटं कशाला बोलेल?" तो म्हणाला. "मी पाच वर्षं याच्या मागे धावलोय. पहिल्या पाण्याची चव मला यानंच सांगितली. मला काही ते मिळालं नाही. पण यानं सांगितलेलं मी रोज झोपताना आठवतो."

चितळानं डोंगराच्या माथ्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. तोंडातली काडीची चव अजून गेली नव्हती.

"मैनेनं काढला तो आवाज माझाच आहे," तो म्हणाला. "आणि बोलणंही माझंच आहे. चव मी बनवून सांगत होतो. मला ती कधी कळलीच नाही."

त्यानंतर कोणी आरडाओरडा केला नाही. कोल्हा कधी निघून गेला ते कोणाला कळलं नाही. अस्वल उठलं, खाली मान घालून म्हणालं, "रीत तुला माहीत आहे, बाळा," आणि चितळ सालईच्या अलीकडे, एका बाजूला जाऊन उभा राहिला. नाक बदललं. त्या वर्षी वास साळिंदरानं घेतला, कारण साळिंदर मोह खात नसे.

शर्यत झाली. ती काही वेगवान झाली नाही. पहिल्या फेरीला चौशिंगा मागे होता, तिसऱ्या फेरीत पुढे आला, आणि तसाच लंगडत, तोंड उघडं टाकून चढ चढू लागला. चितळ खालून बघत होता. त्याला फक्त झाडी हलताना दिसली आणि मग वानरांचा ओरडा ऐकू आला.

ऊन कलल्यावर चौशिंगा उतरून आला. सगळे त्याच्याभोवती जमले होते, पण तो त्यांच्यातून वाट काढत सरळ सालईपाशी आला. त्याची हनुवटी अजून ओली होती. दोघं झाडाच्या दोन बाजूंना उभे राहिले.

"कसं होतं?" चितळानं विचारलं.

चौशिंग्यानं तोंड वर केलं आणि क्षणभर तसाच उभा राहिला. असं उभं राहणारं चितळानं आयुष्यात एकच कोणी पाहिलं होतं.

"तू सांगितलंस तसं अजिबात नव्हतं," चौशिंगा हळू म्हणाला. "पण कसं होतं, ते सांगता येत नाही रे. पिऊनच..."

आणि तो थांबला.

त्याच्या हनुवटीवर पाण्याचा एक थेंब लोंबत होता. चितळाची जीभ आता चांगली जिवंत होती. थेंब सुटला आणि सालईच्या पलीकडच्या धुळीत पडला. चौशिंगा गेला, बाकीचे गेले, आणि चितळ त्या ओल्या ठिपक्याकडे तो सुकेपर्यंत बघत राहिला.

तात्पर्य : जिच्या ओढीनं धावायचं ती चव घेणारी जीभच आधी मारून टाकली, तर पहिलं येऊनही तहान राहते, आणि खरं बोलायला उशीर झाला की खरेपणा परत मिळतो, पाणी मिळत नाही.