खडकोंडीचा हातदगड

फाल्गुन अमावास्या, शनिवार. सकाळपासून पश्चिमेचा कोरडा वारा. न्याहारीनंतर उन्हाच्या झळा. आभाळात ढगाचा ठिपका नाही.

खडकोंडीच्या शिवेवर बाभळीखाली पाटाएवढा एक काळा दगड आहे. त्याच्या मधोमध मनगट बसेल एवढी आडवी खाच. दगडाला शेंदूर नाही, त्याच्यापुढे कधी नारळ फुटत नाही. पाडव्याच्या आदल्या दिवशी गावातला कुत्रा पाळणारा प्रत्येक जण कुत्र्याला घेऊन इथे येतो. उजवं मनगट खाचेत ठेवतो, कुत्र्याचं नाव घेतो आणि म्हणतो, "ह्याचे दात माझे." मग तिथेच ग्रामसभा बसते. कुत्र्यांचे नियम वाचले जातात आणि बदलायचे असतील तर त्याच दिवशी बदलले जातात.

यंदा बदलायचे होते. तालुक्याहून जनावरांच्या डॉक्टरीणबाई सुयांची पेटी घेऊन आल्या होत्या. पुण्याहून परत येऊन गावाबाहेर बंगला बांधलेले विक्रम शेंडगे साखळीला धिप्पाड विलायती कुत्रा धरून उभे होते. त्यांना हसू आवरेना.

"तायाप्पा, हात तोडायचं यंत्र आहे का हे?"

"तोडायचं न्हाई, ठेवायचं हाय," म्हातारे तायाप्पा गोरड म्हणाले. "बसा. बाईबी नव्या हायत. ऐकू द्या त्यास्नी."

तायाप्पांनी सांगितलं ते असं.

फार जुन्या काळी इथे सिदाप्पा नावाचा धनगर होता. त्याच्या मेंढवाड्यावर दोन कुत्रे होते, एकाच वेतातले भाऊ. दोघे तपकिरी, दोघांच्या छातीवर पांढरा चट्टा. थोरला ढाण्या, धाकटा गेनू. ढाण्याचा डावा कान लांडग्याने फाडलेला होता. सिदाप्पाला बायको-पोर नव्हतं. भाकरीचा पहिला तुकडा ढाण्याचा, दुसरा आपला, असा त्याचा रिवाज होता म्हणे.

त्या काळी गावाचा नियम सोपा होता. गावात येणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात लोढणं हवं, म्हणजे पळताना लाकडाचा ओंडका पायांत अडकावा. आणि कुत्रा माणसाला चावला, तर त्याला शिवेवर बांधून गावाने दगडांनी मारायचं. धन्याला कोणी काही विचारायचं नाही. कुत्रा मेला की न्याय झाला.

त्या उन्हाळ्यात लांडगे फार झाले. सिदाप्पाने ढाण्याचं लोढणं काढून टाकलं. लोकांनी हटकलं तर म्हणायचा, "लांडगा आल्यावर वंडका घिऊन पळंल का त्यो? तुमी पळून दावा की आधी!" लोक हसायचे आणि सोडून द्यायचे.

एक दिवस पाणवठ्यावर ढाण्याने सरू कुंभारणीची मांडी फाडली. घागर फुटली, पाणी लाल झालं. तिचा नवरा रावबा सिदाप्पाच्या दारात येऊन एवढंच म्हणाला, "सिदाप्पा, उद्या शिवंवर आण त्याला."

सिदाप्पा रात्रभर ढाण्याच्या पाठीवर हात ठेवून बसला. पहाटे त्याने गेनूला जवळ घेतलं. गेनू शेपूट हलवत आला. सिदाप्पाने त्याचं तोंड गुडघ्यात दाबलं आणि मेंढ्या कातरायच्या कात्रीने त्याचा डावा कान फाडला. रक्त राखेने पुसलं, कानाला जुनाट दिसेल अशी माती चोळली आणि त्याला शिवेवर नेऊन याच दगडाशी बांधलं.

पहिला दगड पाठीवर बसला. गेनू भुंकला नाही. धन्याकडे बघत राहिला. मग दगडांचा पाऊस झाला. पाय मोडले, डोळा फुटला, तरी तो सिदाप्पाच्या दिशेने सरपटत होता. शेवटचा दगड लंगडत आलेल्या सरूने घातला. "फिटलं," ती म्हणाली, आणि घरी गेली.

ढाण्या वाड्याच्या मागल्या बाजूला दोरीला बांधून ठेवलेला होता.

कुंभाराची भट्टी मेंढ्यांच्या लेंड्यांवर पेटते. मांडी भरून आल्यावर सरू पाटी घेऊन लेंड्या भरायला सिदाप्पाच्या वाड्यावर गेली. सिदाप्पा रानात होता. पूर्वी ती लांबूनच हाक मारायची. आता चावरा कुत्रा मेलेला. आपल्याच हातांनी मारलेला. तिने हाक मारली नाही, कुडाचं दार ढकललं आणि आत शिरली.

ढाण्याने दोरी तोडली. या वेळी त्याने मांडी धरली नाही, गळा धरला.

सिदाप्पा आला तेव्हा पाटी उपडी पडली होती आणि लेंड्या रक्तात भिजल्या होत्या. ढाण्या शेपूट हलवत त्याच्याकडे आला आणि त्याचे पाय चाटू लागला. पायांवर लाल पट्टे उमटले.

गाव काठ्या घेऊन वाड्यावर आलं. सिदाप्पा म्हणाला, "दगुड नको. ह्यो माझ्या हातानं जाईल." ढाण्याला त्याने शिवेवर आणलं, भाकरीचा तुकडा दिला, आणि तो खाली मान घालून खात असताना मानेवर कुऱ्हाड घातली. एका घावात ढाण्या संपला. लोक वळू लागले. न्याय झाला होता.

"थांबा," सिदाप्पा म्हणाला. "गेनूचा कान म्या फाडला. लोढणं म्या काढलं. ढाण्याचं फकस्त दात हुतं." त्याने उजवं मनगट दगडावर ठेवलं आणि कुऱ्हाड रावबापुढे केली. "घाल."

रावबाने कुऱ्हाडीला हात लावला नाही. "तुझा हात घिऊन काय करू? माझी सरू दे."

सिदाप्पाने डाव्या हाताने कुऱ्हाड उचलली. पहिला घाव वाकडा पडला, हाड दिसलं. दुसऱ्या घावाला हात बाजूला पडला आणि पातं तसंच खाली दगडात उतरलं, लोण्यात उतरावं तसं. ही खाच तीच, असं सांगतात.

रावबाने आपलं मुंडासं सोडून त्याच्या थोट्या मनगटाला आवळलं. तिथेच, रक्त वाळायच्या आत, गावाने नियम बदलला. नवा नियम रावबानेच सांगितला म्हणे: दात कुत्र्याचे, चावा धन्याचा. लोढणं काढलं तर जाब धन्याला. कुत्रा कोणाला चावला, तर ते माणूस उभं राहीपर्यंत त्याच्या घरचं काम धन्याने करायचं. आणि वर्षाच्या शेवटी सगळ्या गावासमोर मनगट इथे ठेवायचं.

सिदाप्पा त्यानंतर पुष्कळ जगला. रावबाची भट्टी लागायची त्या प्रत्येक दिवशी तो एका हाताने पाटी तोलत लेंड्या घेऊन यायचा. दोघे एकमेकांशी बोलत नसत.

तायाप्पा थांबले. शेंडगेंचा कुत्रा धापा टाकत बाभळीच्या सावलीत बसला होता.

आजही कोणी या दगडावर बसत नाही. आजही हात ठेवताना माणसं मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवतात. यंदा सभेने नियमांत दोन गोष्टी वाढवल्या: दर वर्षी कुत्र्याला पिसाळीविरुद्धची सुई, आणि रस्त्यावर मोठ्या कुत्र्याच्या तोंडाला जाळी. वाचून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुणाच्या कुत्र्याची सुई राहिली आहे का?"

विक्रम शेंडगेंनी घड्याळ काढलं. मनगट खाचेत ठेवलं. "माझ्या," ते म्हणाले. "आणि परवा तो पोस्टमनला चावला. मी कुणाला सांगितलं नव्हतं."

कुत्र्याला तिथेच सुई टोचली. पोस्टमनला शेंडगेंच्या जीपमधून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. त्याची पहिली सुई दिवस मावळायच्या आत झाली. सोमवारपासून खडकोंडीचं टपाल विक्रम शेंडगे पोस्टमनला जीपमध्ये बसवून घरोघर नेत आहेत.