माहुताचा पाय

सोनवडे संस्थानात दस्तगीर माहुताचा उजवा पाय हत्तीखाली गेला, तेव्हापासून त्याला हत्तीखान्यातून दरमहा धान्य मिळे. पुढे नवे दिवाण आले आणि त्यांनी संस्थानातले सगळे अपंग धर्मादाय खात्याकडे वळवले. हत्तीखान्याने दस्तगीरचं नाव लगेच खोडलं. धर्मादाय खात्याने मात्र ते लिहून घेतलं नाही. तीन महिने तो कुबडी टेकत या दारातून त्या दारात फिरत होता. घरी बायको पेजेत पाणी वाढवत होती, त्यामुळे त्याला एका जागी बसवेना.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याने थेट दिवाणांनाच गाठलं.

"तू सध्या कोणत्याच खात्यात अपंग नाहीस," वही मिटत दिवाण म्हणाले. "नाव चढेपर्यंत थांब."

"अपंग नाही म्हणजे धडधाकट ना, हुजूर?"

"कागदोपत्री तसंच."

"मग माझी चाकरी परत द्या. उद्या मिरवणुकीत आपला हत्ती मीच हाकतो."

दिवाण दचकले. "वेडा झालास? हत्ती पायाने हाकतात. तुला पाय कुठाय? मला पाडशील!"

"तेवढंच लिहून द्या, हुजूर," दस्तगीर म्हणाला, "आणि तीन महिन्यांपूर्वीही नव्हता, हेही लिहा."

कारकुनांनी हसू लपवायला माना खाली घातल्या. दिवाणांनी बोरू उचलला आणि तसं लिहून दिलं. संध्याकाळी दस्तगीरच्या दारात तीन महिन्यांचं धान्य उतरलं.

म्हणतात, दुसऱ्या दिवशी हत्तीवर चढण्याआधी दिवाणांनी माहुताचे पाय मोजून घेतले.