अडलेला हुंकारा

भरती आली की होड्या थेट देवळाच्या पायरीला लागायच्या, अशा एका गावात एक चित्रकथी राहायचा. जत्रेत पारावर बसून पहिली गोष्ट सांगायचा मान त्याचा. मांडीवर आजोबांनी रंगवलेली चित्रांची पोथी, शेजारी बायको टाळ धरून, आणि गोष्ट दरवर्षी तीच : समुद्र खारट का झाला?

एक राक्षस म्हातारीला खायला येतो. म्हातारी म्हणते, "खा बाबा, पण तव्यावरची भाकरी करपेल, तेवढी उलटू दे." मग लाकडं आण, पाणी आण, पीठ चाळ. राक्षस राबराब राबतो आणि शेवटी गुरगुरतो, "म्हातारे, आता खातोच तुला!"

आणि बरं का, नेमकी इथंच पोथी संपायची. शेवटचं चित्र वाळवीनं खाल्लं होतं आणि आजोबा कधीच देवाघरी गेले होते. मग चित्रकथी घाईघाईनं उरकायचा, "म्हातारीनं जळतं लाकूड उगारलं, राक्षस पळाला, चला, नारळ ठेवा."

पोरं विचारायची, "मग समुद्र खारट कसा झाला?"

"घरी जा. आया हाका मारतायत."

"आया इथंच बसल्यात की!"

चित्रकथी पोथी बांधायचा, पण रात्री त्याला घास गोड लागायचा नाही.

एका वर्षी जत्रेच्या तोंडावर एक परमुलखातलं जहाज शीड शिवायला धक्क्याला लागलं. त्यातून एक बाई उतरली. खलाशांच्या संगतीनं तिला आपली बोली मोडकीतोडकी येत होती. तिनं काखेतलं लांबलचक कापड उलगडलं, तर त्यावर चितारलेली एक म्हातारी, एक चूल आणि एक शिंगवाला राक्षस!

चित्रकथीचं टाळकंच फिरलं. "चोर! माझी म्हातारी पळवली!"

बायको म्हणाली, "अहो, आपल्या म्हातारीच्या नाकात नथ आहे. हिची तर टोपी घालून बसलीय."

"वेश पालटलाय तिनं!"

"आणि भाकरीऐवजी मासे भाजतेय."

"तू कुणाची बायको आहेस गं?"

भांडण गावचा न्यायनिवाडा करणाऱ्या गावकराकडे गेलं. गावकर म्हणाला, "गाव ऐकेल. गावानं हुंकारा दिला तर बाईनं सांगावं, नाही दिला तर उठावं. आपली रीतच आहे ती."

चित्रकथी घरोघर फिरला. "कुणी 'हुं' म्हणायचं नाही हं! माझा मान जाईल."

गाव तसं मायाळू. बाई पारावर बसली, तशी सगळ्यांनी तोंडं मिटली. गावकरानं गालात पान कोंबलं, तेलिणीनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि पोरांना आख्खे लाडू भरवले. चित्रकथी पहारा करायला अगदी पुढ्यात बसला. मागं कुणीतरी "हुं हुं" केलं, तसा तो गर्रकन वळला.

"खोकला होता रे बाबा!" म्हातारा सुतार कळवळला.

बाई एकेक घडी उलगडत गेली. लाकडं झाली, पाणी झालं. "मग राक्षस म्हणते, आता खाते तुला!"

कापडाची एकच घडी उरली. तिच्या कडेतून निळा रंग डोकावत होता. बाईनं सगळ्यांकडं पाहिलं. कुणी हूं की चूं नाही. ती हसली. "माझ्या गावी पण हीच रीत. ऐकणारा हुंकार नाही, तर गोष्ट पुढं नाही. जाते मी. भरतीला जहाज सुटते." आणि ती कापड गुंडाळू लागली.

चित्रकथीची नजर त्या निळ्या कडेवरून हलेना. मान राखावा तर शेवट चालला सातासमुद्रापार! एक वेढा, दुसरा वेढा...

"हुं!" तो असा ओरडला की पिंपळावरचे कावळे उडाले आणि पोरांच्या तोंडातले लाडू खाली पडले. "हुं, बाई, हुं! सांगा पुढं, पाया पडतो!"

बाईनं शेवटची घडी उलगडली. राक्षस ताटावर बसून ढसाढसा रडत होता. म्हातारी त्याला म्हणाली होती, "खा मला, पण आधी जेवून घे. किती राबलास, भूक लागली असेल." जन्मात त्याला कुणी 'जेवलास का' म्हणून विचारलं नव्हतं. त्याची आसवं ओढ्याला गेली, ओढ्याची नदीला, नदीची समुद्राला.

चित्रकथीनं डोळे पुसले. "धूर गेला डोळ्यांत."

"चूल तर चित्रात आहे!" बायको म्हणाली.

"बाई," चित्रकथीनं विचारलं, "तुमच्याकडचा समुद्रही खारटच का?"

"खारटच."

"म्हणजे राक्षस एकच!" तो सरकला आणि त्यानं पारावर तिला आपल्या शेजारी जागा दिली.

बाई हळूच म्हणाली, "पण राक्षस म्हातारीकडंच का आलं? माझं पहिलं चित्र उंदरांनी खाल्लं."

"अहो, भाकरीच्या वासानं!" चित्रकथीनं पोथी उघडली. "ऐका..."

"हुं," बाई म्हणाली. तिच्या मागं, तिला न्यायला आलेला जहाजाचा तांडेलही "हुं" म्हणाला, आणि ती भरती तशीच निघून गेली.

तात्पर्य : आपल्या गोष्टीचं हरवलेलं पान परक्याच्या गाठोड्यातही सापडतं, पण त्यासाठी आधी आपल्याला 'हुं' म्हणावं लागतं.